उतरलेल्या पापण्या आणि ऑपरेशनविना उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाळिशी ओलांडली की फोटोत डोळे लहान दिसायला लागतात, आणि कोणीतरी हमखास विचारतं, "झोप झाली नाही का?" मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि समोर येतात लेझर, धागे, इंजेक्शनं आणि क्रीमच्या जाहिराती. यातलं काय कोणाला लागू पडतं आणि कशावर पैसे वाया जातात, हे सांगण्यासाठी हे पान. मशिन कोणतं घ्यायचं हा प्रश्न शेवटी येतो. आधी ठरवायचं ते हे, की तुमच्या डोळ्यावर नेमकं काय खाली आलं आहे.

पापणी उतरते म्हणजे नेमकं काय उतरतं?

चार वेगवेगळ्या गोष्टी. बाहेरून त्या सारख्याच दिसतात, म्हणून सगळा घोळ होतो.

पहिली गोष्ट म्हणजे पापणी उचलणारा स्नायू. तो डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या टोकापासून निघतो आणि पुढे पातळ पडद्यासारखा पसरून पापणीला चिकटतो. वयानुसार हा पडदा सैल होतो किंवा आपल्या जागेवरून सरकतो. मग पापणीची कडच खाली येते. डॉक्टर याला टोसिस म्हणतात. वर्षानुवर्षं कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारे, ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळणारे, कधीकधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, यांच्यात हे जास्त दिसतं.

दुसरी, जादा कातडी. इथे पापणीची कड जागेवरच असते, पण वरची कातडी सैल होऊन तिच्यावर ओघळते. बाहेरच्या कोपऱ्यात ती सर्वांत जास्त साठते. आयलायनर लावला की तो तासाभरात वरच्या घडीला लागतो, ही तक्रार बहुतेक वेळा या प्रकाराची.

तिसरी, भुवई. कपाळाचा स्नायू भुवईच्या बाहेरच्या टोकापर्यंत पोचत नाही, त्यामुळे ते टोक आधी खाली येतं आणि आपल्याबरोबर पापणीवरची कातडी ढकलतं. माणूस दोष देतो पापणीला.

चौथी, चरबी आणि सूज. खालच्या पापणीतल्या पिशव्या यातल्याच. सकाळी जास्त आणि दुपारपर्यंत कमी होत असेल तर पाणी साठतंय असं समजावं. दिवसभर सारखंच राहत असेल तर बहुधा चरबी पुढे आली आहे. सूज रोजचीच झाली तर आधी थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या, सौंदर्याचं नंतर बघू.

एकाच चेहऱ्यावर यातले दोन-तीन प्रकार एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे.

हे घरी ओळखता येतं का?

बऱ्यापैकी. आरशासमोर सरळ बघा, भुवया न उचलता. हे वाटतं तितकं सोपं नाही. पापण्या जड झालेली माणसं नकळत दिवसभर कपाळाच्या जोरावर डोळे उघडे ठेवत असतात. म्हणून आधी डोळे मिटा, कपाळ पूर्ण सैल सोडा, तळवा कपाळावर हलकेच टेकवा आणि मग डोळे उघडा. आता जे दिसेल ती खरी स्थिती.

निरोगी डोळ्यात वरची पापणी बुबुळाचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते. बाहुलीच्या मध्यापासून पापणीच्या कडेपर्यंत साधारण चार मिलिमीटर अंतर असतं. कड बाहुलीपर्यंत आली असेल तर स्नायूचा प्रश्न. कड वर आहे पण तिच्यावर कातडीची घडी टेकली आहे, आणि ती घडी बोटाने उचलली की डोळा मोकळा होतो, तर कातडीचा. भुवईचं बाहेरचं टोक बोटाने अर्धा सेंटिमीटर वर धरल्यावर सगळं ठीक दिसत असेल तर भुवईचा.

जुने फोटो काढून ठेवा. चांगले डॉक्टर ते मागतातच. दहा वर्षांपूर्वीच्या लग्नातला जवळून काढलेला एक फोटो बरंच सांगून जातो. अनेकांची पापणी मुळातच थोडी जड असते, वयाने काही केलेलं नसतं.

कोणत्या लक्षणांत थांबायचं नाही?

पापणी अचानक, तास-दोन तासांत किंवा एका दिवसात पडली, तर ब्यूटी क्लिनिकची वेळ घेऊ नका, रुग्णालय गाठा. त्यातही बाहुली मोठी झाली असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा जोराचं डोकं दुखत असेल तर क्षणही घालवू नका. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगवटा तिथल्या नसेवर दाब देत असू शकतो. पापणी किंचित उतरलेली, त्याच बाजूची बाहुली बारीक आणि मान दुखते, हेही तातडीचंच, कारण मानेतली मुख्य धमनी आतून फाटल्यावर असं होऊ शकतं.

आणखी एक प्रकार हळूहळू येतो. सकाळी डोळे ठीक, संध्याकाळी जड, कधी डावा तर कधी उजवा, थकल्यावर दोन-दोन दिसतं. हा मायस्थेनिया ग्रॅव्हिस असू शकतो. त्यात नस आणि स्नायू यांच्यातला निरोप नीट पोचत नाही. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवल्यावर ती वर आली तर डॉक्टरांचा संशय पक्का होतो. अशा माणसाला बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) दिलं तर अवस्था बिघडू शकते, म्हणून हा प्रश्न आधी निकालात काढायलाच हवा.

डोळ्यात थेंब टाकून पापणी वर येते हे खरं का?

खरं आहे, पण मर्यादेत. पापणी उचलायला मुख्य स्नायूशिवाय म्युलरचा एक छोटा स्नायू मदत करतो. ऑक्सिमेटाझोलिनचे 0.1 टक्क्याचे थेंब त्याला आकुंचित करतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी तिथली सरकारी संस्था) जुलै 2020 मध्ये प्रौढांच्या, जन्मजात नसलेल्या टोसिससाठी त्यांना मान्यता दिली. दिवसातून एकदा एक थेंब, पापणी सरासरी एखादा मिलिमीटर वर येते आणि काही तासांनी परत आपल्या जागी.

मिलिमीटर ऐकून नाक मुरडू नका. डोळ्याच्या बाबतीत एक मिलिमीटर समोरच्याच्या लक्षात येतो. पण थेंब उपयोगी पडतात ते स्नायूच्या प्रकारात. जादा कातडीवर त्यांचा काही परिणाम नाही. अनियंत्रित रक्तदाब, हृदयाचा गंभीर आजार किंवा काचबिंदूचा धोका असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणि एक कळकळीची सूचना. याच नावाचं औषध नाक चोंदल्यावर वापरायच्या थेंबांतही असतं. ते डोळ्यात घालायचं नाही. त्याची तीव्रता, त्यातले इतर घटक सगळंच नाकासाठी ठरवलेलं असतं.

बोटॉक्सने पापणी कशी उचलली जाते? ते तर स्नायू सैल करतं ना?

सैल करतं, म्हणूनच. भुवईवर दोन बाजूंनी ओढाताण चालू असते. कपाळाचा स्नायू तिला वर खेचतो, तर डोळ्याभोवतीचा गोल स्नायू आणि दोन भुवयांमधले आठी घालणारे स्नायू खाली. खाली खेचणाऱ्यांना थोडं सैल केलं की वर खेचणाऱ्याचं पारडं जड होतं आणि भुवईचं बाहेरचं टोक एक ते तीन मिलिमीटर वर जातं. तिच्याबरोबर पापणीवरची घडी जरा मोकळी होते. परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिने टिकतो.

हे औषध मुळात डोळ्यांच्या डॉक्टरांनीच आणलं. सॅन फ्रान्सिस्कोचे ॲलन स्कॉट तिरळेपणावर इलाज शोधत होते. 1989 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या अनावर फडफडीसाठी. त्याच सुमारास कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्याकडे फडफडीवर इंजेक्शन घेणाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्याही जाऊ लागल्या. त्यांनी आणि त्यांचे पती, त्वचारोगतज्ज्ञ ॲलस्टर यांनी 1992 मध्ये त्यावर लेख लिहिला. सौंदर्यासाठीची मान्यता मिळायला 2002 उजाडलं.

बोटॉक्सनंतर उलट पापणी पडल्याचं ऐकलंय. असं का होतं?

दोन कारणांनी, आणि दुसऱ्याबद्दल फार कमी बोललं जातं.

पहिलं म्हणजे औषध पसरून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचणं. इंजेक्शननंतर काही दिवसांत एक पापणी खाली येते. घाबरून जायला होतं, पण औषधाचा अंमल ओसरला की ती वर येते. त्याला काही आठवडे लागतात. तोवर म्युलरच्या स्नायूला आकुंचित करणारे थेंब डॉक्टर देऊ शकतात.

दुसरं कारण निवडीतल्या चुकीचं. पन्नाशीच्या बाई कपाळावरच्या आडव्या रेषा घालवायला येतात. रेषा खोल आहेत. त्या का आहेत हे कोणी बघत नाही. खरं तर पापण्या उतरल्यामुळे त्या दिवसभर कपाळ उचलून बघत असतात. रेषा त्या मेहनतीच्या आहेत. अशा कपाळात बोटॉक्स टोचलं की रेषा जातात आणि भुवया, पापण्या सगळंच डोळ्यावर येऊन बसतं. तांत्रिकदृष्ट्या इंजेक्शन बिनचूक असतं, फक्त ते या कपाळासाठी नव्हतं. म्हणून वर सांगितलेली तळव्याची चाचणी डॉक्टरांनी केली नाही तर तुम्ही करून दाखवा. कपाळ धरल्यावर डोळे अर्धे मिटत असतील तर कपाळाला बोटॉक्स नको.

गरोदरपणात आणि बाळाला अंगावर पाजत असताना बोटॉक्स टाळतात.

फिलरचा उपयोग होतो का?

ज्यांच्या डोळ्यावरची जागा खोलगट झाली आहे किंवा कानशिलं बसली आहेत, त्यांना होतो. हायल्युरॉनिक ॲसिडची जेल भुवईखाली किंवा कानशिलात भरली की वरच्या कातडीला आधार मिळतो आणि तिचा ओघळ कमी होतो. खालच्या पापणीच्या खळग्यातही ती भरतात, पण तिथली कातडी इतकी पातळ की जेल वरवर राहिली तर निळसर झाक दिसते आणि सूज महिनोन् महिने टिकू शकते.

या पानावर सगळ्यात गंभीर धोका कुठला, तर हा: जेल चुकून धमनीत गेली तर उलट दिशेने सरकत डोळ्याच्या पडद्याच्या धमनीत अडकू शकते आणि दृष्टी जाऊ शकते, बहुतेकदा कायमची. असं क्वचित होतं. पण दोन भुवयांमधली जागा, नाक आणि कपाळ ही यासाठी जगभर बदनाम ठिकाणं आहेत, आणि डोळा तिथून बोटभर अंतरावर. ही जेल विरघळवणारं हायल्युरॉनिडेज हे औषध क्लिनिकमध्ये हजर आहे का, एवढा एक प्रश्न विचारा. "लागलं तर मागवू" हे उत्तर आलं तर नमस्कार करून निघा.

रेडिओफ्रिक्वेन्सी, अल्ट्रासाउंड, हायफू यांत फरक काय?

तत्त्व एकच. कातडीच्या आतल्या थराला उष्णता द्यायची, म्हणजे तिथलं कोलॅजन (कातडीला ताठ ठेवणारं प्रथिन) आकसतं आणि पुढच्या दोन ते सहा महिन्यांत नवीन तयार होतं. रेडिओफ्रिक्वेन्सीत ही उष्णता विजेच्या लहरींनी देतात, तर अल्ट्रासाउंडमध्ये ध्वनिलहरी ठरावीक खोलीवर एकवटतात. हायफू हे त्यातलंच नाव. भुवई उचलण्यासाठी अशा एका अल्ट्रासाउंड यंत्राला अमेरिकेत 2009 मध्ये परवानगी मिळाली.

सुरुवातीच्या सैलपणात थोडा ताठपणा येतो. घडी पडून पापणीवर टेकली असेल तर निराशाच पदरी पडते. जाहिरातींतले आधीचे आणि नंतरचे फोटो बघताना भुवयांकडे नजर ठेवा. नंतरच्या फोटोत भुवया उचललेल्या आणि दिवा समोरून असेल तर कमाल यंत्राची नाही.

हायफू आता गल्लोगल्ली पार्लरमध्ये मिळतं, आणि ही मला सर्वांत खटकणारी गोष्ट आहे. ध्वनिलहरींना डोळा आणि कातडी यांतला फरक कळत नाही. अशा उपचारानंतर डोळ्याच्या आत भाजून मोतीबिंदू झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. खोबणीच्या हाडाच्या आत, म्हणजे थेट पापणीवर, कुठलंही उष्णतेचं यंत्र चालवायचं तर बुबुळावर संरक्षक कवच बसवावंच लागतं, आणि ते भूल देणारे थेंब टाकून डॉक्टरच बसवतात. पेसमेकर असेल तर रेडिओफ्रिक्वेन्सी नकोच.

लेझर आपल्या रंगाच्या कातडीला चालतं का?

चालतं, जपून. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर पापणीवरच्या बारीक सुरकुत्या आणि थोडा सैलपणा खरोखर कमी करतं. या यादीतल्या यंत्रांत त्याचा परिणाम सर्वांत ठळक. किंमत मोजावी लागते ती डागांच्या रूपात. गव्हाळ आणि सावळ्या कातडीत भाजल्यानंतर काळे डाग पडायची प्रवृत्ती जास्त असते, आणि पापणीवरचे डाग महिनोन् महिने हलत नाहीत. त्यामुळे अनुभवी डॉक्टर तीव्रता कमी ठेवतात, दोन-तीन बैठका घेतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात शक्यतो हातच लावत नाहीत.

प्लाझ्मा पेन नावाचा एक प्रकार आहे: ठिणग्यांनी पापणीवर बारीक ठिपके भाजतात. आठवडाभर तपकिरी खपल्या, नंतर डागांची भीती. सावळ्या कातडीला मी तो सुचवणार नाही.

धागे घालून पापणी उचलतात ते?

धागे पापणीत नाही, भुवईच्या बाहेरच्या टोकासाठी घालतात. विरघळणारे असतात. सुरुवातीला छान दिसतं, पण काही महिन्यांत बराचसा ताण निघून जातो. कातडीला खळगा पडणं किंवा दोन भुवया वेगवेगळ्या उंचीवर दिसणं हे त्याचे नेहमीचे त्रास.

क्रीम, काकडी, टी-बॅग, बदामाचं तेल?

थंड काकडी किंवा फ्रीजमधली टी-बॅग सकाळची सूज तासाभरासाठी कमी करते. कॅफीन असलेली जेलही तेवढंच काम करते. बदामाच्या तेलाने कातडी मऊ होते, वर जात नाही.

क्रीममध्ये अभ्यासाचा आधार आहे तो रेटिनॉलसारख्या घटकांना. महिनोन् महिने वापरलं तर बारीक रेषा थोड्या कमी होतात. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ असल्यामुळे ते झोंबतं, म्हणून डोळ्यांसाठी बनवलेलंच घ्या आणि खोबणीच्या हाडावर लावा, पापणीच्या कडेला नको. गरोदरपणात बंद. सैल पडलेली कातडी आत घेणारं क्रीम अजून कोणी बनवलेलं नाही, डबीवर काहीही छापलेलं असो.

त्यापेक्षा गॉगल आणि सनस्क्रीन स्वस्त पडतात. डोळे चोळायची सवय सोडलीत तर एक रुपयाही लागत नाही.

डोळ्यांचे व्यायाम?

स्नायू आणि पापणी यांना जोडणारा पडदाच सरकला असेल तर व्यायामाने तो परत चिकटत नाही. बोटांनी कातडी ताणून करायचे चेहऱ्याचे व्यायाम तर पापणीवर करूच नका.

पापणीवर लावायची टेप किंवा चष्म्याचा आधार हे काय असतं?

पारदर्शक टेपची पट्टी पापणीच्या घडीत लावली की जादा कातडी आत दुमडते. पूर्व आशियात हे घरोघरी माहीत आहे. एखाद्या समारंभापुरतं उत्तम. रोज लावून रोज ओढून काढलीत तर कातडी आणखी सैल होईल.

चष्म्याचा आधार हा वेगळा आणि विनाकारण विसरला गेलेला उपाय आहे. फ्रेमच्या आतल्या बाजूला बारीक वाकवलेली तार बसवतात, ती पापणीला वर धरून ठेवते. वय खूप आहे, ऑपरेशन झेपणार नाही, स्नायूचा आजार आहे, अशा आजोबांना पेपर वाचायला त्याने खूप सोपं जातं. डोळा पूर्ण मिटत नसल्याने कोरडेपणासाठी थेंब मात्र लागतात.

माझ्या मुलाची एक पापणी जन्मापासून खाली आहे.

या पानावरचं काहीही त्याच्यासाठी नाही. बाहुली झाकली जात असेल तर त्या डोळ्याची नजर तयारच होत नाही, ज्याला आळशी डोळा म्हणतात. मूल हनुवटी वर करून बघत असेल तर ती सवय नव्हे, खूण आहे. बालनेत्रतज्ज्ञांना लवकर दाखवा.

कोणाकडे जावं?

पापण्यांचे तज्ज्ञ म्हणजे ऑक्युलोप्लास्टिक सर्जन: नेत्रतज्ज्ञच, पण पापण्या आणि खोबणी यांचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले. निदानासाठी एकदा तरी त्यांच्याकडे जा. बोटॉक्स किंवा लेझर पुढे त्वचारोगतज्ज्ञ अथवा प्लास्टिक सर्जनकडूनही घेता येतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी तपासायला लाजू नका. पहिल्याच भेटीत, पापणी न मोजता, "आज केलं तर सूट" असं कोणी म्हणालं तर घरी या.

खर्च आणि विमा?

बोटॉक्सचा दर बहुतेक ठिकाणी युनिटवर, फिलरचा सिरिंजवर, यंत्रांचा बैठकीवर असतो. एका वेळच्या आकड्याला भुलू नका, वर्षाचा हिशेब मांडा. बोटॉक्स वर्षातून तीनदा लागणार हे धरून चाला. वैद्यकीय सेवांना जीएसटी माफ असला तरी केवळ सौंदर्यासाठीच्या प्लास्टिक सर्जरीला ती माफी नाही, म्हणून दर सांगताना तो कर धरून सांगितलाय का, हे विचारा.

सौंदर्योपचार आरोग्य विम्यात बसत नाहीत. पापणीमुळे वरचं दिसणं अडत असेल आणि दृष्टिक्षेत्राच्या (सरळ बघताना वर-खाली, आजूबाजूला किती दिसतं याच्या) तपासणीत ते उमटत असेल, तर ऑपरेशनचा दावा करून बघता येतो. पॉलिसीतली अट आधी वाचा.

घरात लग्न आहे. कधी करून घेऊ?

बोटॉक्स किमान महिनाभर आधी. दोन आठवड्यांनी पूर्ण परिणाम दिसतो आणि उरलेले दिवस डावं-उजवं दुरुस्त करायला हाताशी राहतात. फिलरनंतर निळं पडू शकतं, तेव्हा त्यालाही महिना द्या. लेझर तीन-चार महिने आधी, नाहीतर लग्नानंतर. हळदीच्या आदल्या दिवशी काहीही पहिल्यांदा करू नका. ॲस्पिरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते सांगा, पण सुंदर दिसण्यासाठी स्वतःहून बंद करू नका.

मग ऑपरेशन टाळता येतच नाही का?

सौम्य सैलपणात, खाली आलेल्या भुवईत, हलक्या टोसिसमध्ये टाळता येतं, किंवा काही वर्षं पुढे ढकलता येतं. कातडी पापणीच्या कडेवर टेकली असेल तर ती कापूनच निघते. हे ऑपरेशन बहुधा जागा बधिर करून होतं, त्याच दिवशी घरी सोडतात, टाके साधारण आठवड्याने काढतात आणि व्रण पापणीच्या घडीत लपतो. वर्षानुवर्षं इंजेक्शनं आणि मशिनवर केलेला खर्च जोडला तर अनेकांना ते स्वस्त पडलं असतं.

उपचारानंतर काजळ कधी लावायचं?

बोटॉक्सनंतर दुसऱ्या दिवशी, पण काढताना चोळायचं नाही. फिलरनंतर सुईच्या जागा बंद होऊन सूज उतरली की. लेझरनंतर सगळ्या खपल्या आपोआप पडेपर्यंत नाही, आणि तेव्हा जुनी डबी फेकून नवीन घ्या.